डोमेनसोबत नोकरी

अरे, माझं डोमेन कसं विकलं गेलं ते ऐकलंत का? विमानतळ येणार म्हटल्यावर मी पनवेलच्या नावाची चार डोमेन घेऊन ठेवली होती. दोन वर्षं नुसती पडून. मग एक दिवस खारघरच्या एका बिल्डरचा फोन आला, “एकाचे पन्नास हजार देतो.” मी हो म्हणणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या, गव्हाण गावच्या माझ्या काकांनी फोन ओढला. त्यांची जमीन संपादनात गेलेली, त्यामुळे सौद्याची एकच रीत माहीत.

“पैशे तं देच, वर घरातल्या एकाला नोकरी पन पायजे!”

“काका, ती जमीन नाही, वेबसाइटचं नुसतं नाव आहे!”

“नाव आपलंच हाय ना? मंग!”

बिल्डर पलीकडे खो खो हसत सुटला. “पोराला कम्प्युटर येतो?”

“दिसभर दुसरा काय करतो?”

“सोमवारी पाठवा.”

डोमेन विकायला बसलो होतो मी, काकांनी मलाच विकून टाकलं!