सहाव्या पुस्तकातली आजी

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात टपाल कचेरीत रांग काही हलेना, म्हणून रुमेनाचे कान पुढच्या दोघी म्हाताऱ्यांकडे लागले. एकीच्या हातात मुलांची कादंबरी होती, मुखपृष्ठावर सोनेरी पदक छापलेली.

“त्सोंका, या वयात पोरांची पुस्तकं वाचतेस?”

“सून म्हणाली, जर्मनीत राहून कालिना आपली भाषा विसरायला लागलीय, पुस्तकं पाठवा. पण बक्षीस मिळालेलीच! आधी वाचल्याशिवाय कशी पाठवू? हे सहावं.”

“मग एवढी वैतागतेस कशाला?”

“सहाच्या सहा पुस्तकांत आजी मरते, वेलिच्का! शंभराव्या पानापर्यंत बिचारी चीजची बानित्सा भाजत असते, आणि एकशेदहाव्या पानावर दाराला तिचं शोकपत्रक! आजोबा मात्र राकिया ढोसून ठणठणीत. आजीला मारल्याशिवाय पदकच देत नाहीत का हे लोक?”

“अगं, गोष्टच आहे ती.”

“तुला गोष्ट! पाचवं पुस्तक संपलं तशी पोरीने फोन केला. ‘आजी, तू आहेस ना?’ म्हटलं, आहे. लगेच ठेवून दिला. आता रोज करते.”

“मग हे नको पाठवूस.”

“पाठवणार. शेवटची चाळीस पानं सुईदोऱ्याने शिवून टाकलीत.”

“कमाल आहे तुझी! उसवेल की ती.”

“नाही उसवायची. वर लिहिलंय, उन्हाळ्यात पुस्तक घेऊन इकडे ये, कात्री आजीकडे आहे.”