दोन मिनिटांचं काम

बाईचा हिशेब सरळ होता. जहाजावर स्वयंपाक करणारा नवरा चाळीस दिवसांसाठी घरी आला होता. त्यातले चौदा साथीच्या नियमाने वेगळ्या खोलीत गेले. उरलेल्या सव्वीस दिवसांत तिला मूल हवं होतं. दवाखान्याच्या दारात नर्स यादी घेऊन उभी होती. रांगेत ती बाई पहिली, माझा नंबर तिसरा.

“सिस्टर, तांबी काढायला दोन मिनिटं लागतात.”

“ताई, आज एकच जागा उरलीय. जिला दिवस जायची भीती, ती आधी.”

“आणि जिला दिवस जायला हवेत, ती?”

“तुमची तांबी अजून दोन वर्षं चालेल की!”

“ती चालेल हो. मी एकोणचाळीसची आहे.”

“पुढच्या महिन्यात या ना.”

“तेव्हा नवरा समुद्रात असेल. मग काढून काय, दागिना घडवू तिचा?”

तिच्यामागची, माझ्या पुढे तान्हं कडेवर घेऊन उभी असलेली बाई मास्कमध्येच हसली.

“सिस्टर, यांची काढा आणि तीच मला बसवा. घरात तीन आहेत, चौथ्याला मी उरणार नाही.”

“तुम्ही चला आत. पण मूल बाहेर ठेवा.”

“बाहेर कुठे ठेवू? पिशवी आहे का ती? अहो ताई, जरा धराल याला?”

“द्या.” पहिल्या बाईने हात पुढे केले.

“खाली ठेवलं की रडतो हं.”

“नाही ठेवत. तुम्ही सावकाश या.”