अकरा दिवसांच्या ऑपरेटरबाबत

जबाब देणार: स्त्री, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (शीतगृहात कर्मचारी अधिकारी, हंगामी, सहा महिन्यांच्या करारावर), राहणार शीतगृहाच्या मागील रस्त्यावर, दुसरा मजला, भाड्याची खोली.

मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मागील पाच महिन्यांपासून सदर शीतगृहात काम करते. तेथे गोठवलेल्या भाज्या व फळे ठेवली जातात. कायम नोकरीतील अकरा जागा कमी करून त्या कामांसाठी एजन्सीमार्फत थोड्या मुदतीची माणसे घेणे, यासाठी मला नेमले होते. मी स्वतः दुसऱ्या एजन्सीची आहे. यापूर्वी मी हेच काम चार ठिकाणी केले आहे.

अकरा जागांपैकी एक जागा यंत्रघरातील ऑपरेटरची होती. शीतगृह अमोनिया वायूवर चालते. ते यंत्र नाना बावीस वर्षे सांभाळत होते. त्यांचे वय सत्तावन्न आहे. त्यांना कामावरून कमी केल्याचे पत्र मी माझ्या टेबलावर दिले. त्यांनी ते उभ्यानेच वाचले व घडी घालून खिशात ठेवले. मग म्हणाले, "माझं जाऊ द्या बाई. येणाऱ्या माणसाला महिनाभर माझ्या हाताखाली ठेवा. हे यंत्र कागदावर एक आहे आणि जागेवर वेगळंच."

मी व्यवस्थापकांना विचारले. त्यांनी दोन दिवस मंजूर केले. परंतु नवीन माणूस मिळण्यास आठवडा लागला, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. शेवटच्या दिवशी नानांनी मला यंत्रघरात नेऊन काही गोष्टी दाखवल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या. त्यातील एक अशी की, टाकीच्या तळाशी साठलेले तेल दर आठवड्याला काढावे लागते. त्या नळीला दोन व्हॉल्व्ह आहेत. खालच्याचे आटे झिजले आहेत, तो एकदा उघडला की नीट बंद होत नाही. म्हणून आधी वरचा बंद करायचा, मगच खालचा उघडायचा. म्हणजे नळीतले तेवढेच तेल बाहेर येते, नाहीतर तेलामागून टाकीतला अमोनियाही येतो. खालचा व्हॉल्व्ह बदलण्यासाठी नानांनी तीन वेळा अर्ज केला होता.

नवीन ऑपरेटर सोमवारी सकाळी सात वाजता हजर झाले. त्यांचे वय एक्केचाळीस होते. पूर्वी तंत्रशाळेत शिकवत असल्याने सगळे त्यांना मास्तर म्हणत. करार नव्वद दिवसांचा होता. 'कामाची संपूर्ण माहिती मिळाली' या फॉर्मवर त्यांनी सही केली, खाली मी केली. यास पाच मिनिटे लागली असतील. फॉर्ममध्ये व्हॉल्व्हसाठी रकाना नव्हता. सही करताना ते हसून म्हणाले, "आम्ही म्हणजे उसनी शिडी. काम झालं की भिंतीला टेकवून विसरायची."

वहीतील मजकूर मी त्यांना त्या दिवशी सांगणार होते. एजन्सीची आणखी चार माणसे आली होती. ते सांगायचे राहून गेले.

चौथ्या दिवशी मास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, "नानांना एकदा बोलवा ना. दोन तास पुरेत. यंत्र जुनं आहे, त्याच्या खोडी त्यांनाच माहीत." मी व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, "गेलेल्या माणसाला फाटकाच्या आत घ्यायचं नाही. उद्या हात मोडून घेईल आणि आपल्या अंगाशी येईल." मी मास्तरांना नाही म्हणून सांगितले. त्यांनी नानांचा फोन नंबर मागितला. सोडून गेलेल्यांची माहिती द्यायची नाही असा नियम आहे. मी तो दिला नाही. पाच दिवसांनी त्यांनी परत विचारले. तेव्हाही दिला नाही.

घटनेच्या दिवशी, गुरुवारी, मी पॅकिंगच्या खोलीत हजेरी घेत होते. ही खोली यंत्रघराला लागून आहे. त्यावेळी तेथे चौदा बायका कामावर होत्या. साधारण सव्वाअकरा वाजता मास्तर धावत दारात आले. त्यांचे डोळे लाल झाले होते व तोंडाला ओला रुमाल होता. ते म्हणाले, "सगळ्या बाहेर. पिशव्या राहू द्या. वाऱ्याच्या उलट दिशेला चला." आवाज चढवला नव्हता. वर्गात बोलावे तसे ते बोलले. मी त्यांना चला म्हणाले. ते म्हणाले, "खालचा बसत नाहीये. वर एक असणार, बघतो." आणि परत आत गेले.

बायकांना घेऊन मी फाटकाबाहेर आले. मी माणसे दोनदा मोजली. तोवर नाकाडोळ्यांना झोंबणारा वास रस्त्यापर्यंत आला होता. यंत्रघरातील मास्कचे कपाट कुलूपबंद होते. किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याकडे असते. ती जागा दोन महिने रिकामी आहे. ती भरण्याचे काम माझ्याकडे होते.

अग्निशमन दल अकरा चाळीसला आले. त्यांनी मास्तरांना बाहेर आणले तेव्हा ते हालचाल करत नव्हते. दलाच्या प्रमुखांनी मला सांगितले की, ते शिडीच्या पायाशी पडलेले होते आणि वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता. म्हणजे तो त्यांना सापडला होता. चौदापैकी दोघींना खोकला झाला, बाकी कोणाला इजा नाही.

मी फोनवर व्यवस्थापकांना कळवले. त्यांनी विचारले, "फॉर्मवर त्याची सही आहे ना?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग झालं."

दुपारी अडीच वाजता मी रुग्णालयात गेले. मास्तरांची पत्नी व धाकटा भाऊ आले होते. अपघात कामावर झाल्याने मृतदेह ताब्यात देण्यापूर्वी नोकरी देणाऱ्याची सही लागेल, असे तेथील कारकुनाने सांगितले. एजन्सीचा माणूस हजर होता. तो म्हणाला, "आम्ही फक्त माणूस पुरवतो. काम कंपनीचं, सही कंपनीची." मी व्यवस्थापकांना परत फोन केला. ते म्हणाले, "तो आपल्या पटावरच नाही. एजन्सीला सांगा." मी एजन्सीच्या माणसाला तसे सांगितले. त्याने त्याच्या कार्यालयात फोन लावला. तेथून कंपनीकडे बोट दाखवले. अशी टोलवाटोलवी साडेसहापर्यंत चालली. कारकून दोनदा येऊन विचारून गेला.

मास्तरांच्या पत्नी तोपर्यंत बाकावर बसून होत्या. त्या रडत नव्हत्या. एजन्सीच्या माणसाचे फोनवरचे बोलणे संपल्यावर त्या उठल्या आणि त्याला व मला, दोघांना विचारले, "तुम्ही सगळे त्यांना ओळखता. मग ते होते कोणाचे?"

एजन्सीचा माणूस फोन आला म्हणून बाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

मी कारकुनाकडून कागद घेतला व 'नोकरी देणारा' या रकान्यात सही केली. तसा मला अधिकार नाही हे मला माहीत होते. पावणेसात वाजता मृतदेह घरच्यांना मिळाला. निघताना त्यांचा भाऊ मला थँक्यू म्हणाला.

नानांचे तीन अर्ज व माझी वही मी या जबाबासोबत हजर केली आहे. त्या सहीबद्दल आज सकाळी मला कामावरून कमी केल्याचा मेल आला आहे. सदर जबाब कोणाच्या सांगण्यावरून दिलेला नाही.

हा मजकूर माझ्यासमोर टाइप करून हवालदारांनी मला शब्दन् शब्द वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. खालची सही माझी आहे. ती कोणाच्या वतीने केलेली नाही.