बुधाबाबा गाडीवर बसतात

हिरामण : बाबा, आता हट्ट नको. पाय पलीकडं टाका आणि बसा.

बुधा : मी नाय बसायचा या गाडीवर. जीप येऊ दे.

हिरामण : जीप कुठून येणार? सगळ्या जीपा मजूर घेऊन द्राक्षबागांकडं गेल्यात. अंधार पडल्याशिवाय एकसुद्धा परत यायची नाही.

बुधा : म्हणून सांगत व्हतो, जीप घे, जीप घे. दारात आपली जीप असती तर ही येळ आली नसती.

तृप्ती : बाबा, ते भांडण मागाहून करा. नाग चावलाय तुम्हाला. भाताच्या पेंढ्या उचलताना आईंनी बघितलाय तो, फणा काढलेला.

बुधा : मीबी बघितला. माझ्याच हाताला डसला ना.

तृप्ती : मग तो हात हलवू नका. अहो, यांना उचलून बसवा. मी मागं बसते, यांना मधे घेऊ.

हिरामण : बसा बाबा. सीट खालीच आहे, उडी मारायला नको. हां, असं. पाय त्या दांडीवर ठेवा. तृप्ती, सीटमागचं टेकण तुझ्या पाठीला लागलं का?

तृप्ती : लागलं. माझी ओढणी यांच्या कमरेभोवती घेते, तुमच्या पोटावर गाठ मारा. पक्की मारा. आई, तुम्ही रडू नका. संध्याकाळी शेजारच्या हिराबाईंच्या घरी फोन करते मी.

हिरामण : निघतो. बाबा, एक गोष्ट ऐका. वाटेत बोलत राहायचं. तुमचा आवाज बंद झाला तर मला पुढं काही कळायचं नाही.

बुधा : कुंभमेळ्याच्या येळेला ही गाडी आणलीस, तवापासून बोललो नाय तुझ्याशी. आता काय बोलू?

तृप्ती : तेव्हा विचारायचं राहिलं असेल ते विचारा. काहीही विचारा, पण गप्प बसू नका.

बुधा : विचारतो. का घेतली ही?

हिरामण : आत्ता सांगू? समोर घाट आहे.

तृप्ती : सांगा हो. ऐकताना जागे राहतील.

हिरामण : आश्रमशाळेतून दिवाळीला घरी यायचो ना बाबा, तेव्हा जीपच्या मागं लोंबकळत यायचो. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत. तोंड कुणाच्या तरी काखेत. सगळा वाघेरा घाट यायचा आणि जायचा, मला काही दिसायचं नाही. फक्त धूळ लागायची. तेव्हाच वाटायचं, या घाटातून एकदा नीट बसून जायचं. पाठ सरळ, पाय पुढं सोडून.

बुधा : मग जीपच्या पुढच्या सीटवर बसायचं. मालकावानी.

हिरामण : मालक कसला! सकाळी हरसूल, दुपारी नाशिक, आणि माणसं कोंबायची. मीच कुणाच्या तरी पोराला मागं लोंबकळत ठेवला असता.

बुधा : चार पैसं आलं असतं.

हिरामण : कंपनीत मिळतात ते पोटापुरते आहेत. ही गाडी कमवत नाही, कबूल. पण सुट्टीला हिच्यावर निघालो ना बाबा, की दिवसभर चालवली तरी अंग आंबत नाही. ही घाई करत नाही. इंजिन आपलं धडधड करत असतं, हात आपसूक पडतील तिथं हँडल असतं, आणि रस्ता सरत राहतो. सापुतारा झालं, भंडारदरा झालं. हंपीला गेलो तेव्हा एका गावात नुसता झाडाखाली बसलो, चहा प्यायलो आणि पुढं गेलो. कुणी विचारलं नाही, कुणाचा माणूस, किती वाजता आलास.

बुधा : इथं लोक विचारायचे की.

हिरामण : काय विचारायचे?

बुधा : बुधाचा पोऱ्या कुठं गेला? आपल्यात घर सोडून कोण जातो हिरामण? ज्याच्या घरात दाणा नाय तो. मी दरसाल मजुरीला गेलो, ट्रकात उभा राहून. तुझी आई पोटुशी, तीबी उभी. आणि तू घरात भात असताना गेलास. लोकांना काय सांगू मी? फिराया गेला? मला तोंड उघडायची लाज वाटायची.

हिरामण : मला वाटलं, जीप घेतली नाही म्हणून राग आहे.

बुधा : जीप तर लोकांना दाखवाया. पोरगा धंद्याला गेला, असं सांगता आलं असतं.

तृप्ती : अहो, जरा लवकर. यांची मान माझ्या खांद्यावर येतेय.

हिरामण : बाबा! बोला!

बुधा : बोलतोय की. मला दोन-दोन रस्ते दिसाया लागले. कोन्त्या रस्त्यानं चाललास?

हिरामण : खऱ्या रस्त्यानं. डोळे उघडे ठेवा.

तृप्ती : नाही ठेवता येत त्यांना. पापण्या खाली आल्यात. मी बोटानं वर करते तरी पडतात. आणि पुढं बघा, पुढं बघा, ट्रक!

हिरामण : दिसला. चढावर आडवा झालाय. चाक नाल्यात गेलंय वाटतं.

तृप्ती : रस्ता बंद आहे?

हिरामण : डोंगराच्या बाजूनं नाही जाता येणार. दरीकडं थोडी जागा आहे.

तृप्ती : तेवढ्यात? तिघांना घेऊन?

हिरामण : उतरून यांना उचलून नेलं तर वेळ जाईल, आणि चालवायचं तर यांना अजिबात नाही. तू हलू नकोस. यांना घट्ट धर आणि खाली बघू नकोस.

तृप्ती : जड गाडी आहे हो. कलली तर सावरेल का?

हिरामण : माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. इंजिन मंद ठेवून पायानं ढकलत नेतो. ओ ड्रायव्हरदादा! तो दगड बाजूला घ्या! साप चावलेला माणूस आहे!

बुधा : हिरामण.

हिरामण : काय बाबा?

बुधा : मला हितंच उतरव. तुम्ही दोघं जा पलीकडं. तुम्हाला काय झालं तर म्हातारी एकटी पडंल.

हिरामण : उतरवणार नाही. गप्प बसा. नाही, गप्प नका बसू. शिव्या द्या मला.

बुधा : गाढवा.

हिरामण : हां, अजून.

बुधा : आडमुठ्या. आई... आईवर ग्येला.

तृप्ती : मागचं चाक घसरतंय! खडी आहे!

हिरामण : माहितेय. थांब. श्वास धर. आता... आलं. आलो आपण. निघालो बाहेर.

तृप्ती : अहो, यांचं शेवटचं बोलणं ऐकलंत? जीभ जड झालीय. शब्द नीट फुटत नव्हते.

हिरामण : उतार संपला की सपाट रस्ता आहे. मग सोडतो गाडी. बाबा? बाबा, ऐकू येतंय?

तृप्ती : उत्तर येत नाही. बाबा, हा माझा अंगठा तुमच्या मुठीत दिलाय. बोलू नका, नुसता दाबा. हां! दाबला. अहो, दाबला त्यांनी.

हिरामण : श्वास?

तृप्ती : चालू आहे. वरवर चालू आहे. लाळ गळतेय, मी मान पुढं कलती धरलीय.

हिरामण : तशीच धर. गिरणारे आलं. मोबाईल बघ, इथं रेंज येते.

तृप्ती : एक कांडी आली. लावते नाशिकला माझ्या भावाला, सुनीलला. हॅलो, सुनीलदादा? तृप्ती बोलतेय. बाबांना नाग चावलाय. तू सिव्हिल हॉस्पिटलला पळ. सांगून ठेव, नाग चावलाय, बोलणं बंद झालंय, श्वास कमी होतोय. स्ट्रेचर गेटवरच पाहिजे. हो, गाडीवरून आणतोय. हो रे, त्याच गाडीवरून!

हिरामण : काय म्हणाला?

तृप्ती : निघाला. बाबा, दाबा. बाबा, अंगठा दाबा ना.

हिरामण : दाबला?

तृप्ती : थांबा.

हिरामण : तृप्ती, दाबला का?

तृप्ती : नाही.

हिरामण : बाबा, हे बघा गंगापूर आलं. बाबा, मी दिवाळीला यायचो तेव्हा तुम्ही फाट्यावर उभे असायचा, आठवतं? जीप कितीही उशिरा आली तरी उभे असायचा. आता मी येतोय ना, थोडं थांबा. बाबा, ऐका, मी जीप घेतो. उद्या घेतो. ही विकतो. तुम्ही फक्त...

तृप्ती : बोलू नका, पुढं बघा. सिग्नल आहे.

हिरामण : थांबणार नाही मी.

तृप्ती : नका थांबू. हॉर्न दाबून ठेवा. छाती हलतेय हो अजून, माझ्या हाताखाली हलतेय. कमी, पण हलतेय. तो बघा सुनीलदादा! गेटवर!

हिरामण : गाठ सोड. तृप्ती, गाठ सोड आधी, मी गाडी धरून ठेवतो.

(काही दिवसांनी. दवाखान्यातला वॉर्ड, दुपार.)

बुधा : घसा सोललाय.

तृप्ती : नळी होती ना घशात. इंजेक्शनं लागू पडेपर्यंत मशीनच श्वास देत होतं तुम्हाला. हे कोमट पाणी घ्या. एकेक घोट.

बुधा : मला समदं ऐकू येत व्हतं.

हिरामण : मशीनवर असताना?

बुधा : गाडीवर. डोळं मिटलं, हात गेला, जीभ गेली. कान तेवढं जागं व्हतं. तू रडत व्हतास.

हिरामण : वारा होता समोरून.

बुधा : रडत व्हतास. आणि जीप घेतो म्हणत व्हतास.

हिरामण : म्हणालो, तर घेईन. बघून ठेवतो एखादी.

बुधा : नको.

तृप्ती : बाबा, खरंच सांगताय?

बुधा : मी काय आता खोटं बोलाया उठलो? त्याला जे नाय जमत ते नको करू दे. कुणी विचारलं तर सांगीन, पोरगा फिराया जातो.

हिरामण : डॉक्टर परवा सोडतो म्हणालेत. घरी जाताना तुमच्यासाठी जीप ठरवतो. आडवं पडून जाल.

बुधा : आणि तू?

हिरामण : मी मागून गाडीवर येईन.

बुधा : मग मला रं कशाला जीप? पाठीला टेकाया हाय ना तुझ्या गाडीला. टेकून बसीन.

तृप्ती : अशक्तपणा आहे अजून. डॉक्टरांना विचारून बघू.

बुधा : विचार. हिरामण, ही गाडी दर्यापत्तूर जाती का रं?

हिरामण : जाते की. कुठल्या दर्याला?

बुधा : उंबरगावकडं. तिकडं भट्टीवर व्हतो आम्ही, तू व्हायच्या आधी. विटा थापून दमून पडायचो, तरी रातचा दर्याचा आवाज यायचा. तुझी आई म्हणायची, एकदा बघून येऊ, लय लांब नसंल.

हिरामण : मग? गेलात का?

बुधा : मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, तिकडं काय काम हाय तुमचं?