साडूंना धीर हवाय

हॅलो? … ताई! तुझ्याच फोनची वाट बघत होते. फत्ते! … घेतली गं, नागिणीची लस. दोघांनीही!

… हे? आत्ताच आले. पुढे दुकानात दंड चोळत बसलेत. … दुखणारच, अंगही कसकसेल एखादा दिवस, डॉक्टरांनी सांगितलंय. पण तोरा बघ, गड जिंकून आल्यासारखा!

… ऐक ना, ऐक. मी यांना एवढंच म्हटलं, 'भावोजी सुईला फार घाबरतात हो. तुम्ही शेजारी बसून आधी टोचून घेतलीत, तर त्यांना जरा धीर येईल.' झालं! इतके महिने 'मला काय धाड भरलीय' म्हणणारा माणूस स्वतः शर्टाला इस्त्री करून निघाला. … आणि तू भावोजींना काय सांगितलंस? … शब्दन् शब्द तेच? … अय्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे!

… हे म्हणतात, 'बिचाऱ्या साडूचा हात थरथरत होता, मीच धरला.' … काय? भावोजी पण तेच सांगतायत? यांचा थरथरत होता? … हळू हस गं, मलाही आवरत नाहीये, यांना ऐकू जाईल.

… नाही, रडत नाहीये. … बरं, थोडीशी. अगं, डोळ्याला भिंग लावून दिवसभर घड्याळं उघडणारा माणूस हा. तुझ्या कपाळावरचं ते नागिणीचं पुरळ डोळ्यापाशी उतरलं ना, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. उशीचा अभ्रासुद्धा सोसत नव्हता तुला.

… हो, दुसरा डोस राहिलाय. त्याची काळजी सोड. 'साडूला एकट्याला नाही पाठवायचं,' म्हणून आत्ताच बजावलंय मला!

… आणि तू कधी घेणार? … होऊन गेली म्हणून काय झालं? पुन्हा होऊ शकते, डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते. … बघू काय, बघू? … बरं बाई, राहिलं.

पण ताई… माझं एक काम करशील? उद्या मी जातेय घ्यायला. मला सुईची फार भीती वाटते गं. तू शेजारी बसून आधी टोचून घेतलीस, तर…

… शिव्या कसल्या देतेस! … हो, हो, तोच डाव. … पण येशील ना? … नक्की? … शाब्बास! सैल बाह्यांचं काहीतरी घाल.

… आणि ताई, ऐक… हात मात्र खरंच धर हं माझा. … नाही गं, हे खोटं नाही. … हो. ठेवते!