कागद पाहता पाहता पोरगा पलटला

तुम्ही हसान, पण एकदा हिंगणघाटच्या दवाखान्यात लसीकरणाची अख्खी लाईन माह्या टेबलापाशी जमलती. तवा गावात नवेनवे सायबर कॅफे निघालते. एक कापड दुकानदार बायकोले अन् पाच महिन्यांच्या पोराले घेऊन आला. हातात कॅफेतून छापून आणलेले कागद, अन् तोंड एवढंसं झालेलं.

"सिस्टर, इंटरनेटवर लिहिलं हाय, चौथ्या महिन्यात पोरगा पलटला पायजे. आमचा पलटूनच नाई राह्यला. हिचं तर रडणंच थांबत नाई."

मी पोराले टेबलावर निजवलं, आईले जवळ उभं केलं अन् म्हणलं, "दाखवा, काय लिहिलं हाय?"

आम्ही दोघं कागदात डोकं घालून वाचू लागलो. तेवढ्यात त्याची बायको ओरडली, "अवो, पलटला ना!"

"कवा?" आम्ही दोघंही एकदमच म्हणलो.

पोरगा पालथा पडून आमच्याकडं पाहून हसून राह्यलता. लाईनीतल्या बाया धावत आल्या, टाळ्या वाजवू लागल्या. बापाचे डोळे भरून आले.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा हजर. म्हणे, "सिस्टर, आता हा एक मिनिट सीधा राहत नाई. पलटणं थांबवाचं कसं, हे इंटरनेटवर कुठीच नाई!"