कोतवालाची झापड

हॅलो?… हॅलो, कोण?… अरे, राजदीप होय का! थांब, कूलर बंद करू दे, आयकूच नाई येत… हं. बोल आता, तुझी मोठी आई आयकून राहिली.

हो, भेटला ना तुझ्या कॉमिकचा दुसरा अंक. अर्जुनीच्या गाडीच्या कंडक्टरनं पानठेल्यावर ठेवून देल्ला होता, मीच जाऊन आणला… वाचला ना. चष्मा लावून दोनदा वाचला… कसा वाटला म्हंजे? चांगला हाय. कागद चांगला हाय… रंगीत बी हाय… अरे, मंग काय म्हणू?

खरं सांगू?… राग येईल तुले… नाई ना येनार? मंग आईक. पहिला जमला होता तसा हा नाई जमला, बाबू.

पहिला गजब होता. कोणाचं तरी मोहफुलाचं पोतं चोरीले जाते, अन् गावचे कोतवाल, तुझे मोठे बाबा, चोर धुंडाले घरोघरी च्या पीत हिंडतात… हो, हो, तेच! खांद्यावर दुपट्टा, गालात खर्रा. हुबेहूब. सारं चिचगड हसलं. त्यायले जाऊन तीन वर्सं झाली, पण तुझा तो अंक वाचून वाटलं, आता दारात येतीन अन् म्हणतीन, भात वाढ… रडून नाई राहिली मी. सर्दी हाय.

अन् ह्या दुसऱ्यात?… अरे आईक ना. त्यायले काळा चष्मा कायले देल्ला तू?… अन् बंदूक? गावच्या कोतवालाले बंदूक कोण देते गा? त्यायच्याजवळ एक शिट्टी होती, ते बी वाजे नाई.

ते जाऊ दे. चष्मा राहू दे, बंदूक बी राहू दे. पण ते झापड… शेवटच्या पानावर, त्या पाण्याची मोटर चोरणाऱ्याले मारलेली… अरे, जनमभर कोणाले हात नाई लावला त्या माणसानं. मले बी नाई.

थरार?… थरार पाहिजे होता त दुसरी गोष्ट घ्याची होती. बिसरामच्या बोडीवरची, त्या लहानशा तळ्यावरची मोटर चोरीले गेली, हे सारं खरं घेतलं तू, अन् शेवट मनानं काढला!… नाई, तुले आठवत नसंन. तू लहान होता, तुम्ही तवा इथंच राहात होते, चिचगडात.

त्यायले दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, चोर कोण हाय ते… पोलीस? नाई बोलावले. त्यायनं गावात दवंडी देल्ली. म्हणे, ज्याले मोटर सापडली असंन त्यानं बोडीच्या पाळीवर आणून ठेवावी, कोणी पाहाले येनार नाई. मंग घरी आले, भात खाल्ला, अन् भिताडाकडे तोंड करून झोपून गेले… हो, झोपले. सकाळी मोटर पाळीवर. खलास. बिसरामचं धान वाचलं, अन् कोणाची इज्जत बी गेली नाई.

हे सपक वाटते तुले?… बरं बाप्पा. तू शिकलेला हायस.

कोण होता?… मालूम हाय ना. एकट्या मलेच सांगतलं होतं त्यायनं… नाई सांगत… कितीक खेप विचार, नाई सांगत. ते गेले म्हणून मी सांगत सुटू का?

काय?… अजून कोणाले नाई आवडला?… बापाले?

तू भाऊजीले कायले देल्ला वाचाले!… नाई, नाई, तसं नाई… काय म्हणाले ते?… उठून गेले?… सकाळपासून गोठ्यात?… जेवले बी नाई…

हाय, हाय, मी इथंच हाय. राजदीप, फोन नेऊन दे त्यायले… काऊन म्हंजे? दे म्हटलं ना. अन् तू आंगणात जाऊन उभा राह्य.

…भाऊजी? जय भीम… हो, मी बी वाचला… नाई भाऊजी, म्या काही नाई सांगतलं त्याले. त्यायनं बी जाईपर्यंत मले सोडून कोणाले नाई सांगतलं… पोरानं मनानंच लिवलं ते. त्याले मालूमच नाई, मोटर तुम्ही नेल्ती म्हणून.

नाई, नाई… ते दादाची झापड नोय, भाऊजी. दादा तुमचे झोपले होते, मी पाहिलं ना… हो. तुमची मोटर जळली होती, धान सुकून राहिलं होतं, ते बी मालूम होतं त्यायले. सकाळी उठून एवढंच म्हणाले, आपल्या बकारामनं आणून ठेवली, आता च्या मांड… खरंच. तुमची आन.

काय?… सांगता त्याले? तुमच्या तोंडानं?… पाहा बाप्पा. मले वाटते, सांगून टाका. त्याले चोर पाहिजे होता, बाप भेटंन… हो, आंगणातच हाय तो. हाक मारा.

नाई, फोन तसाच नका ठेवू चालू. तुम्ही अन् तुमचं पोरगं. मी आयकाले थांबत नाई, भाऊजी… हं. अन् मंग जेवून घ्या दोघं.

ठेवते.